वास येतो कुठून?

आमच्या घरात नाक एकच, आणि ते आमच्या सौ.चे. माझ्याही चेहऱ्यावर एक आहे. पण चाळीस वर्षे शाळेच्या प्रयोगशाळेत हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया हुंगून हुंगून त्याचे काम आता चष्मा टेकवण्यापुरतेच उरले आहे. दूध करपायच्या आधी, पंख्याची वायर जळायच्या आधी, सौ.ला बसल्या जागी बातमी लागते. तिच्या या नाकाची मी आयुष्यभर थट्टा केली. त्या नाकामुळे एका माणसाची नोकरी वाचली, ती हकीकत आज सांगणार आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. आमची लेक अकोल्याला असते. तिच्या बाळाचे बारसे ठरले होते आणि सौ. महिनाभर आधीच तिकडे जाऊन बसली होती. मला अमरावतीला निरोप आला तो इतकाच, की येताना माळ्यावरचा पाळणा आणा. हा पाळणा माझ्या आजोबांनी सागवानात करवून घेतलेला. त्यात माझे वडील निजले, मी निजलो, लेक निजली. आता नातू निजायचा होता. प्रश्न एवढाच, की चार माणसांनी उचलायचा तो पाळणा एस.टी.च्या टपावर चढवणार कोण?

माझ्या भाच्याचे दोन ट्रक आहेत. तो म्हणाला, "मामाजी, चिंता कायले करता? परवा रात्री आपली गाडी गाठी घेऊन अकोल्याला जाते. पाळणा वर बांधून टाकू, तुम्ही पुढे बसा." मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "अन् एक काम करजा. ड्रायव्हरवर जरा नजर ठेवजा. मले वाटते, तो पिऊन चालवते."

त्या महिन्यात दोन वेळा गाडी बोरगाव मंजूच्या जवळ रस्ता सोडून कडेला उतरली होती. एकदा तर बाजूचा कठडा घासून गेली. भाच्याने दोन दिवसांचा पगार कापला होता आणि तिसऱ्यांदा असे झाले तर घरी बसवीन, अशी तंबी दिली होती. आदल्या वर्षी हिवाळ्यात त्याच गाडीवरच्या दुसऱ्या एका ड्रायव्हरला त्याने याच कारणावरून काढले होते. "रस्ताच असा गुळगुळीत झाला आहे," तो म्हणाला, "का पोटात दोन घोट असले तर झोप लागलीच समजा."

रस्त्याविषयी तो म्हणाला ते खोटे नव्हे. अमरावती-अकोला हा रस्ता अनेक वर्षे खड्ड्यांसाठी प्रसिद्ध होता. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटर डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. ज्या रस्त्यावर पूर्वी जेवलेले अन्न अकोला येईपर्यंत घुसळून निघत असे, त्याच रस्त्यावर आता चहाचा पेला हातात धरून जाता येते.

रात्री अकराला आम्ही निघालो. मागे प्रत्येकी १७० किलोच्या ६० गाठी, त्यांच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर आजोबांचा पाळणा. पुढे ड्रायव्हर, मी आणि एकोणीस-वीस वर्षांचा क्लिनर. गाडी जुन्या पद्धतीची, चपट्या तोंडाची. अशा गाडीत इंजिन पुढे नाकासारखे बाहेर नसते, ते केबिनीतच, ड्रायव्हर आणि क्लिनर यांच्या मध्ये एका मोठ्या झाकणाखाली असते. त्या झाकणावर गोधडी घालून मला बसवले होते. डिसेंबरच्या थंडीत बुडाखाली ऊब आणि डोक्यावर छप्पर; मला तर राजाची बैठक मिळाल्यासारखे वाटले. काचेजवळ गजानन महाराजांची तसबीर होती. ड्रायव्हरने तिला हात जोडले, दोन उदबत्त्या लावल्या आणि गाडी सुरू केली.

पन्नाशीचा गृहस्थ. गळ्यात तुळशीची माळ. मी मुद्दाम त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन दोन-चार प्रश्न विचारले. तंबाखूचासुद्धा वास नाही. माझे नाक कुचकामी असले तरी दारूचा वास न कळण्याइतके नाही. तो हसला. म्हणाला, "मालकानं सांगतलं असन तुमाले. सर, पंधरा वर्साचा माळकरी हाय मी. दारूले शिवत नाही."

"मग गाडी कडेला कशी उतरते?"

"थेच समजत नाही. मूर्तिजापूर सोडलं का डोकं ठणकते, डोये जड होतेत. खाली उतरून अर्धा घंटा बसलो का बरं वाटते. दिवसा काही होत नाही. उन्हाळ्यात काही होत नाही. वय झालं असन."

बडनेरा मागे पडले. वारा बोचू लागला तशा आम्ही काचा चढवल्या. उदबत्त्या विझल्या, पण त्यांचा वास रेंगाळत राहिला. तासाभराने माझ्या कपाळावर कोणी घट्ट पट्टी बांधावी तसे होऊ लागले. मूर्तिजापूरला चहाला थांबलो. शकुंतला रेल्वेच्या गप्पा झाल्या, वीस मिनिटे थंडीत उभे राहिलो, आणि डोके आपोआप उतरले. मी त्याचे श्रेय चहाला दिले.

पुन्हा निघालो. आता ड्रायव्हरने झोप येऊ नये म्हणून आपल्या बाजूची काच चार बोटे खाली केली. आश्चर्य असे, की त्याने बरे वाटायच्या ऐवजी माझे डोळे जास्तच चुरचुरू लागले. कुरणखेडजवळ क्लिनरने गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून ओकला. "याले गाडी लागते," ड्रायव्हर म्हणाला. क्लिनरला गाडी लागते! कोळ्याच्या पोराला पाणी बाधावे तसे झाले हे. पण रात्री दीड वाजता माणूस तर्क लढवत नाही. पुढे बोरगाव मंजू यायच्या आत एकदा गाडी हळूच डावीकडे सरकली आणि पांढऱ्या पट्ट्यावर गेली. ड्रायव्हरने दचकून ती आत घेतली आणि मग स्वतःच्या गालावर फाडफाड दोन चापटा मारून घेतल्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तो रात्रभर माझ्या शेजारी बसला होता, त्याने चहाखेरीज काही घेतले नव्हते, आणि तरीही त्याचे डोळे मिटत होते.

लेकीच्या घराचे दार सौ.ने उघडले. सहा आठवड्यांनी भेट होत होती; पण पहिले वाक्य निघाले ते असे : "अहो, स्टोव्ह कुठे पेटवत बसला होतात? सगळ्या कपड्यांना भडकलेल्या स्टोव्हचा वास येतोय."

मी सदरा हुंगला. मला काहीच कळले नाही. मळमळते, डोके दुखते, असे सांगितल्यावर जावयांनी कोरोनाच्या काळात घेतलेले ते बोटाला लावायचे यंत्र आणले. आकडा ९८ आला. "ऑक्सिजन उत्तम आहे, प्रवासाचा शीण," असा निकाल लागून सगळे झोपायला गेले. मी मात्र जागाच राहिलो. भडकलेला स्टोव्ह हे शब्द डोक्यातून जाईनात. चाळीस वर्षे मुलांना ज्वलन शिकवले आणि दोन तास स्वतः धुरात बसून आलो तरी कळले नाही, याची मला त्या अंधारात पुरेपूर लाज वाटली.

त्या रात्री पडल्या पडल्या जी उजळणी झाली ती आधी सांगतो. पुढची हकीकत कळायला ती लागेल.

इंजिनाच्या धुरात दोन तऱ्हेच्या वस्तू असतात. एक तऱ्हा भांडखोर. अर्धवट जळलेले डिझेल, आल्डिहाइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, काजळी. ही मंडळी नाकाला झोंबतात, डोळ्यांतून पाणी काढतात, कपड्यांत शिरून बसतात. दुसरी तऱ्हा मुकी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट धरतो, म्हणजे गाडीत जागा अडवून बसलेल्या उतारूसारखा. खरा उतारू फलाटावरच राहतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी, ताप नसलेल्या फ्ल्यूसारखी कणकण, ही त्याची सुरुवातीची लक्षणे. इंग्लंडात जॉन स्कॉट हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून, आपल्याला काय काय होते ते टिपून ठेवले होते. खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावा, माणसाच्या आधी तो कोसळतो, हा सल्ला त्याचाच; आणि ब्रिटिश खाणींत ही कॅनरी १९८६ पर्यंत नोकरीला होती.

डिझेल इंजिनात हा मुका वायू पेट्रोल इंजिनापेक्षा पुष्कळ कमी निघतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण ओझ्याखाली काळा धूर ओकणाऱ्या जुन्या इंजिनाची आणि बंद केबिनीची गोष्ट वेगळी. आणि तो कमी निघाला म्हणून बाकीचा धूर काही गंगाजल होत नाही. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या लियाँ येथील कर्करोग संस्थेने २०१२ साली निःसंदिग्धपणे जाहीर केले आहे.

मग बोटावरच्या यंत्राने ९८ कसा दाखवला? त्याचे कारण गमतीचे आणि भयंकर आहे. ते यंत्र रक्ताचा रंग पाहते. ऑक्सिजन धरलेले रक्त लाल, आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले रक्तही लालच. यंत्राला दोन्ही सारखे. बाथरूममधल्या गॅस गिझरने किंवा बंद खोलीतल्या शेगडीने कोणी गुंगला, तर हे यंत्र लावून निर्धास्त होऊ नका, हे मी घरोघरच्या मंडळींना हात जोडून सांगतो. अशा माणसाला आधी मोकळ्या हवेत आणायचे आणि मग दवाखान्यात न्यायचे. तिथे रक्ताची वेगळी तपासणी होते. तीही लवकर केली पाहिजे, कारण साध्या हवेत चार-पाच तासांत हा वायू रक्तातून निम्मा उतरतो. आमच्या तिघांचे रक्त काही कोणी तपासले नाही. डोळे चुरचुरले ते भांडखोर मंडळींमुळे, एवढे नक्की. मुक्याचा वाटा किती होता हे आता कधीच कळायचे नाही.

आणि नाकाचे काय? नाक हे पहारेकरी खरे, पण नव्या माणसावरच भुंकणारे. तोच वास काही मिनिटे सतत आला, की ते त्याला घरचा समजून गप्प बसते. सकाळी अंघोळीनंतर लावलेले अत्तर दुपारी आपल्याला जाणवत नाही, शेजाऱ्याला जाणवते, त्यातलाच हा प्रकार. ड्रायव्हर रोज त्या केबिनीत बसणारा. त्याला वास येणारच नव्हता. शिवाय निघताना रोज दोन उदबत्त्या! धूर आत यायला सुरुवात होण्याच्या वेळीच त्याच्यावर चंदनाचे पांघरूण पडत होते.

सकाळी गाडी रिकामी होत होती तिथे मी गेलो. ड्रायव्हर हातपाय धुऊन प्रसन्न बसला होता. मी म्हटले, "भाऊ, मिस्त्रीकडे चला. गाडीत धूर शिरतो आहे." त्याचा विश्वास बसेना. "सर, मले त येत नाही वास." पण तो आला. अकोल्यात हमरस्त्याच्या आत, एका कडुनिंबाखाली एक वृद्ध मिस्त्री बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तिथे पाटीही नाही.

मला वाटले होते, चाचा बॉनेट उघडून पाने चालवू लागतील. त्यांनी इंजिनाला हातच लावला नाही. एका उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून, चांगला वैद्य नाडी धरण्याआधी विचारतो तसे ते विचारत राहिले. वास उभ्या गाडीत का चालत्या? थंड्या इंजिनात का तापल्यावर? चढावर, ओझे असताना वाढतो का? काच बंद असताना जास्त का उघडी असताना? डोके कोणाचे दुखते, एकट्या ड्रायव्हरचे का साऱ्यांचे? क्लिनर ओकला हे ऐकल्यावर ते म्हणाले, "पोट्टं अन् ड्रायव्हर, दोघंही एकाच येळी? मंग दुखणं मानसाचं नाही, गाडीचं हाय."

पुढचा प्रश्न : वास कसला? आणि इथे त्यांनी आमच्या सौ.ला न पाहता तिची किंमत केली. मी "भडकलेल्या स्टोव्हचा" असे सांगताच ते म्हणाले, "हे सांगनारं मानूस शहाणं हाय." कारण ट्रकच्या केबिनीत येणारे वास अनेक. कच्च्या डिझेलचा वास आला तर नळी किंवा तिचा जोड पाझरतो. तेल जळल्याचा निळसर खरपूस वास आला तर इंजिनाच्या वरच्या झाकणाची गॅस्केट गेली आणि तेल तापलेल्या लोखंडावर ठिबकते. गोडसर वास रेडिएटरच्या पाण्यात घातलेल्या कूलंटचा. जळक्या चामड्यासारखा घाटात येणारा वास क्लचप्लेटचा. सडक्या अंड्यासारखा आला तर बॅटरी जास्त चार्ज होते आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बी.एस. ६ नियमांच्या नव्या मोठ्या गाड्यांत धुरावर युरियाचे पाणी फवारतात. त्यांच्यात मुतारीसारखा अमोनियाचा वास आला तर दुखणे त्या बाजूला. आणि डोळे चुरचुरवणारा, स्टोव्हसारखा वास म्हणजे जळालेला धूरच. तो शेपटीकडून बाहेर जायचा तो वाटेतच फुटला आहे.

नव्या नियमांबरोबर पंपावरचे डिझेलही बदलले. त्यातल्या गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले. जुन्या गाडीच्या टाकीतही आता हेच डिझेल. हवेला ते चांगलेच. पण पूर्वीच्या धुराचा तो गंधकी ठसका कमी झाला, म्हणजे फुटक्या गाडीतला पहारेकरीही थोडा मवाळ झाला, असे मला आपले वाटते.

इंजिन पुरते थंड होईपर्यंत चाचांनी आम्हाला दोन तास बसवून ठेवले. ड्रायव्हरला घाई होती, पण त्यांनी ऐकले नाही. थंड असताना लोखंड आकसलेले असते, फट मोठी असते. तापले की लोखंड फुगते आणि फट झाकली जाते. म्हणून मिस्त्रीकडे गरम गाडी नेली की दुखणे लपते. मग झाकण उघडून, आधी डिझेल कुठे पाझरत नाही ना हे पाहून, त्यांनी इंजिन सुरू करवले. मला नुसती घरघर ऐकू आली. चाचांनी माझ्या कानाला एक रबरी नळी लावली आणि तिचे दुसरे टोक हळूहळू फिरवत नेले. एका जागी नळीतून लहान मुलाने जीभ टाळूला लावून काढावा तसा टक्‌ टक्‌ टक्‌ आवाज आला. मग क्लिनरने ओल्या गोणपाटाचा बोळा मागे सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर दाबून धरला. धुराची पुढची वाट कोंडली तशी त्याच जागी फस्स करून वाफ उठली. इंजिनातून धूर गोळा करणारा जो लोखंडी नळा असतो, त्याला खाली जाणारा पाइप जिथे जोडतात, तिथला एक बोल्ट तुटून पडला होता आणि भोवती पंख्याच्या आकाराची काळीभोर काजळी साचली होती. तुटलेला भाग गंजून तपकिरी झाला होता. म्हणजे तो काल-परवाचा नव्हता.

मला वाटले, संपले. चाचा म्हणाले, "मास्तर, हा त चोर सापडला. घरात कोन्या दारानं शिरला थे कोन पाह्यते?"

मला सर्वांत आवडला तो भाग यापुढचा. धूर इंजिनाजवळ फुटला म्हणून केबिनीत आलाच पाहिजे असे नाही. त्याला वाट लागते आणि आत ओढणारा वारा लागतो. वाट शोधायला चाचांनी केबिनीच्या काचांवर गोणपाटे टांगून आत अंधार केला, खाली इंजिनाशेजारी मोठा दिवा ठेवला आणि मला आत बसवले. काय सांगू! आकाशात चांदण्या निघाव्यात तसे माझ्या पायाशी उजेडाचे ठिपके निघाले. ॲक्सिलरेटरच्या दांड्याच्या भोकातून एक. गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटले होते तिथून मोठी फाक. आणि मी रात्रभर ज्या झाकणावर राजासारखा बसलो होतो, त्याच्या कडेचे रबर वाळून चिरले होते. एक सबंध कड सोन्याच्या काठासारखी झळकत होती. माझ्या लहानपणी लाकडी फळ्यांच्या केबिनी असत. कंपनीकडून नुसता सांगाडा यायचा आणि केबिन इथले सुतार बांधायचे. त्या फळ्यांतून खालचा रस्ता दिसायचा, आणि वाराही इतका यायचा की धूर टिकायचा नाही. आताची केबिन जास्त बंदिस्त, म्हणून जास्त सांभाळण्याची.

राहिला वारा. चाचांनी तसबिरीपुढच्या पुड्यातली एक उदबत्ती घेऊन पेटवली, माझ्या हातात दिली आणि ड्रायव्हरला गाडी आतल्या मोकळ्या रस्त्यावर हळू चालवायला सांगितली. साऱ्या काचा बंद होत्या तेव्हा गिअरच्या रबराजवळ धरलेल्या उदबत्तीचा धूर डुलत डुलत वर गेला. मग ड्रायव्हरने काच चार बोटे खाली घेतली, आदल्या रात्री घेतली होती तशीच. धूर ताडकन वाकला आणि फाकेपासून लांब, माझ्या तोंडाकडे पळाला! धावत्या गाडीच्या काचेवरून वेगाने जाणारा वारा केबिनीतली हवा बाहेर खेचतो. ती जागा भरायला हवा खालच्या भोकांतून वर येते, आणि खाली धूर होता. झोप उडावी म्हणून बिचारा रात्रभर काच थोडी उघडत होता आणि त्या काचेनेच धूर आत ओढून घेत होता. उन्हाळ्यात दोन्ही काचा सताड उघड्या, म्हणून त्रास नाही. दिवसा गाडी रिकामी परतायची, इंजिनावर जोर नाही, म्हणून त्रास नाही. त्याने मला रात्री जे जे सांगितले होते ते सगळे खरे होते आणि त्यातच निदान होते. फक्त ते ऐकणाऱ्याला दारू सोडून दुसरे काही सुचले नव्हते.

ड्रायव्हर गाडी थांबवून स्टीअरिंगवर हात ठेवून काही वेळ नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "म्हनजे वय झालं नाही त."

दुरुस्तीची हकीकत थोडक्यात. तुटलेला बोल्ट छिद्र पाडून काढावा लागला, त्यात अर्धा दिवस गेला. नवी गॅस्केट, नवे बोल्ट, गंजून अडकू नयेत म्हणून पितळी नट, झाकणाला आणि गिअरला नवे रबर. मी विचारले, फक्त रबरे बदलली असती तर? चाचा म्हणाले, साप घरात ठेवून बीळ बुजवल्यासारखे झाले असते. बिल झाले ४,२०० रुपये.

हे सगळे ट्रकवाल्यांचे, आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे एका कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे झोपेतच गेली. कारण होते जनरेटरमधून आत शिरलेला कार्बन मोनॉक्साइड. गाडी उभी होती, कोणी काही चालवत नव्हते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व मोठ्या ट्रकांच्या केबिनीत वातानुकूलन सक्तीचे झाले, ही फार चांगली गोष्ट झाली; वऱ्हाडातल्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून पाहिलेल्या कोणालाही तिचे मोल सांगायला नको. पण थंड हवेच्या गाडीत काचा बंद राहतात आणि आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबलेले असते. म्हणून त्या गाड्यांचीही रबरे बघायला हवीत. आपल्या मोटारीत सहलीहून येताना पोरे मागे पेंगली, सगळ्यांचीच डोकी एकदम दुखू लागली, तर पित्त म्हणायच्या आधी गाडी थांबवून, सारे खाली उतरून, इंजिन थंड असताना मिस्त्रीला दाखवा. आणि बाहेरून येणाऱ्या माणसाला आत डोकावून वास घ्यायला सांगा. आमच्या सौ.सारखे नाक असले तर उत्तम.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. त्याला मी भोकांची, उदबत्तीची, पितळी नटांची सगळी कथा सांगितली. तो मध्ये एकदाही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "मामाजी, दोन दिवसाचा पगार देऊन टाकतो मी." मी म्हटले, "दे. आणि बोल्टाचा गंज जुना होता."

तो गप्प झाला. मला काय म्हणायचे होते ते त्याला कळले. आदल्या वर्षीचा हिवाळा, तीच गाडी, तीच बोरगावची कड, आणि काढून टाकलेला तो पहिला माणूस.

बारशाला भाचा आला तेव्हा नातू पाळण्यात निजला होता आणि पाळण्याच्या सागवानाला अजूनही बारीकसा वास येतो, अशी सौ.ची तक्रार चालू होती. पंगत उठल्यावर भाच्याने मला बाजूला घेऊन सांगितले, की त्याने त्या पहिल्या ड्रायव्हरचा नंबर शोधून काढून फोन केला होता. तो आता नागपूरकडे दुसऱ्याची गाडी चालवतो. भाच्याने त्याला सगळे सांगितले, चूक झाली म्हणाला, परत ये म्हणाला.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, बरं झालं सांगतलं. येत नाही म्हणाला. मी सांगत होतो, डोकं दुखते म्हणून, तवा तुमी माया तोंडाचा वास घेत होते म्हणाला. अन् फोन ठेवला."